तुमच्या नावानं चांगभलं!

पहिली सूचना कधीच येत नाही. येते ती थेट ‘अंतिम सूचना’. वकिलाच्या लेटरहेडवर, लाल ठळक अक्षरांत, आणि तीही एकदा येऊन थांबत नाही. शेवटच्या प्रयोगाचे शंभर प्रयोग लावण्याची कला मराठी रंगभूमीनंतर फक्त वसुली एजन्सीलाच साधली आहे.

पत्राचा मजकूर साधारण ठरलेला. आपण अमुक ॲपवर ‘आत्ता घ्या, मागून भरा’ या सोयीचा लाभ घेतलात, हप्ता थकवलात, आता सात दिवसांत व्याज-दंडासह रक्कम भरा, नाहीतर दिवाणी, फौजदारी आणि आणखी जे काही असेल ते सगळं. नाव तुमचं. पत्ता तुमचा, ‘मारुती मंदिराच्या मागे’ सकट. पॅन तुमचा. फक्त ॲप तुमच्या ओळखीचं नाही. मग घरात चौकशी बसते. पहिला संशय कॉलेजात जाणाऱ्या मुलावर. तो कानातलं काढून ‘मी नाही’ म्हणतो आणि परत घालतो. दुसरा संशय नवऱ्यावर, आणि तो मात्र टिकतो.

दुसऱ्या जातीचं पत्र गोड असतं. जाड, गुळगुळीत पाकीट. आत प्लास्टिकचं कार्ड आणि ‘आमच्या परिवारात आपलं स्वागत’. लग्न नाही, दत्तकविधान नाही, थेट परिवारात. सोबत या खात्यात किती रुपये ठेवता येतील आणि रोज किती पाठवता येतील याचा तक्ता. हे पाकीट लोक बिनघोर रद्दीत टाकतात, कारण त्यात कुणी पैसे मागत नाही. माझ्या मते दोन्हींतलं जास्त घाबरावं असं पत्र हेच.

सायबर भामट्याला लुटलेला पैसा स्वतःच्या खात्यात ठेवता येत नाही. त्याला परक्या नावांची खाती लागतात. पैसा एका खात्यात येतो, काही मिनिटांत दुसऱ्यात, तिथून चार ठिकाणी फुटतो. पोलीस आणि बँकवाले या खात्यांना ‘म्यूल’ म्हणतात. ती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं ‘म्यूलहंटर’ नावाची यंत्रणाच उभी केली आहे, यावरून पीक किती माजलंय ते कळावं. कमिशनच्या लोभानं आपलं खातं भाड्यानं देणारे महाभाग आहेतच, पण त्यांना वाटा द्यावा लागतो. तुमच्या कागदांवर तुम्हाला न सांगता उघडलेल्या खात्याला तोही खर्च नाही. आणि मग एक दिवस तिसऱ्या जातीचं पत्र येतं. दुसऱ्याच राज्यातल्या पोलीस ठाण्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलमाचा हवाला देऊन, चौकशीला हजर राहा म्हणून. तोवर स्वागताचं पाकीट किलोच्या भावानं गेलेलं असतं, आणि पाकीट मिळूनही तुम्ही कुणाला काही कळवलं नाहीत, एवढंच कागदावर उरतं.

काही पत्रं निखळ खोटी असतात, हेही आहेच. घरपोच वस्तू विकणाऱ्या नामांकित कंपनीच्या नावाचं पाकीट पोस्टानं येतं. आत खरवडायचं कार्ड. खरवडलं की गाडी लागलेली! मराठी माणसाला लॉटरीत आजवर कधी पाचशे रुपये लागले नाहीत, पण न काढलेल्या तिकिटावर गाडी लागते. ती हवी तर आधी नोंदणी शुल्क भरा, मग जीएसटी भरा, मग आणखी काही. मोबाइलवरही तेच. पोस्टाच्या नावानं ‘तुमचं पार्सल गोदामात अडकलंय, पत्ता दुरुस्त करा’ असे मेसेज सुटले तेव्हा ते खोटे आहेत, असं पीआयबीच्या फॅक्ट चेकला जाहीरपणे सांगावं लागलं होतं.

खोटं पत्र शुद्धलेखनावरून ओळखा, असा एक सल्ला फिरतो. तो पाळायचा ठरवला तर निम्म्या सरकारी नोटिसा बाद होतील. खरी खूण वेगळी आहे. पत्र तुम्हाला काय करायला सांगतंय ते पाहा. या नंबरावर लगेच फोन करा, हा क्यूआर स्कॅन करा, ही लिंक दाबा, हे ॲप उतरवून घ्या, आलेला ओटीपी वाचून दाखवा. यूपीआयवर पैसे स्वीकारायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढं ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याची अर्धी फसवणूक दारातच टळते. पत्रावरचा नंबर फिरवायचा नाही. गूगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’चा नंबरही फिरवायचा नाही, तिथंही भामट्यांनी आपली दुकानं थाटली आहेत. कंपनी खरोखर अस्तित्वात आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या याद्यांत पाहायचं. बँकांची यादी आहे, बिगरबँक वित्तसंस्थांची आहे, वॉलेटवाल्यांची आहे. तिथं नाव सापडलं तर मगच तिच्या मूळ संकेतस्थळावर जायचं. काम कंटाळवाणं आहे, मान्य.

खोट्या पत्राचा निकाल मात्र तिथल्या तिथे लागतो. वैताग असतो तो खऱ्या पत्रांचा. कंपनी खरी, खातं खरं, थकबाकी खरी, फक्त तुम्ही खोटे.

आणि असं खातं दर वेळी चोरच उघडतो असंही नाही. कधी कधी खुद्द कंपनीच उघडते. २०१७ साल आठवा. सिमकार्ड आधारशी जोडा, नाहीतर फोन बंद होईल, असं देशभर चाललं होतं. लोक मुकाट्यानं दुकानात जाऊन अंगठा टेकवत होते. त्या अंगठ्यावर एअरटेलनं सिमची पडताळणी केलीच, शिवाय अनेकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खातीही उघडली. विचारलं कुठं? एका टिचकीत, जी ग्राहकानं मारल्याचं ग्राहकालाच ठाऊक नव्हतं. पुढची गंमत अशी, की सरकारी अनुदान आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. त्यामुळे गॅस सिलिंडरची सबसिडी नेहमीच्या बँकेत यायची बंद झाली आणि या नव्या, अनोळखी खात्यात साठू लागली. बायाबापड्या बँकेत पासबुक भरायला जायच्या, मशीन कुरकुरायचं, आकडा जागचा हलायचा नाही. लाखो ग्राहकांचे दीडशे कोटींहून अधिक रुपये असे आडवाटेला गेले होते.

बोभाटा झाला. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं कंपनीची आधारवरून पडताळणी करण्याची मुभा तात्पुरती काढून घेतली, बँकेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, पैसे मूळ खात्यांत परत करण्याचं ठरलं. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पाच कोटींचा दंड केला. पाच कोटी ऐकायला जड वाटतात. अशी खाती तीस लाखांवर होती, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात. भागाकार करून पाहा, माणशी सतरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. एका माणसाच्या नावानं त्याला न विचारता बँक खातं उघडण्याची किंमत एका वडापावच्या आसपास ठरली.

पुढं २०२४ च्या ऑगस्टमध्ये तोच खेळ महाराष्ट्रात वेगळ्या रंगात झाला. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून तीन हजार रुपये, रक्षाबंधनाच्या तोंडावर जमा होऊ लागले. शेजारणीला आले, जावेला आले, मला का नाही? अर्जात तर पासबुकाची झेरॉक्स जोडली होती. बँकेत रांग लावून चौकशी केल्यावर कळे, की पैसे अर्जातल्या खात्यात जातच नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आणि आधारशी जोडलेलं खातं म्हणजे कधी काळी बचतगटाच्या कर्जासाठी, कधी पोराच्या शिष्यवृत्तीसाठी, कधी गावात तंबू ठोकून बसलेल्या एखाद्या प्रतिनिधीच्या आग्रहाखातर उघडलेलं, विसरलेलं खातं. या वेळी यात कुणाची लबाडी होतीच असं नाही. पण आपल्या नावावर कुठं काय उघडलंय हे आपल्याला माहीत नसणं ही इथली सर्वसाधारण परिस्थिती आहे, हे त्या रांगांनी दाखवून दिलं. आपलं आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे, हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. बहुतेकांनी ते एकदाही पाहिलेलं नसतं.

कर्जाची पत्रं मात्र वेगळ्या वाटेनं येतात, आणि त्या वाटेवर पाटी लिहिलेली असते: ‘झेरॉक्स ₹२’. आपण कागद वाटण्यात फार उदार. लॉजवर आधार द्या, जिममध्ये पॅन द्या, सिमवाल्याला दोन्ही द्या, भाडेकरारासाठी एजंटला सगळं व्हॉट्सॲप करा. सही करताना कागदावर कशासाठी देतोय ते लिहितो म्हटलं तर समोरचा अशा नजरेनं बघतो, जणू आपण त्याच्या मुलीच्या स्थळाची चौकशी करतोय. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं हिंमत करून सांगितलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. हॉटेलांना, सिनेमागृहांना ती घेण्याचा अधिकार नाही. द्यायचंच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या. एवढं शहाणपणाचं बोलणं सरकारला झेपेना. दोन दिवसांत पत्रक मागे! लोक भलताच अर्थ काढतील म्हणून. त्याऐवजी काय, तर ‘नेहमीची खबरदारी घ्या’. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. मधल्या काळात झेरॉक्सचं मशीन काही थांबलं नव्हतं.

त्यात कर्ज देणारी ॲपं इतकी घायकुतीला आलेली, की दोन मिनिटांत कर्ज देण्याच्या नादात समोर माणूस कोण आहे हे पाहायला त्यांना तिसरं मिनिट मिळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार रावनं जाहीर तक्रार केली, की आपल्या पॅनवर कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलंय आणि त्यामुळे सिबिल स्कोअर बिघडलाय. अडीच हजार! ज्याचा चेहरा देशभरच्या होर्डिंगांवर असतो, त्याच्या नावानं कर्ज मागणारा माणूस तोच आहे का, हे कर्ज देताना कुणालाही तपासता आलं नाही. मग आपण तर होर्डिंगखालून जाणारे.

बरं, खातं माझं नाही हे कंपनीला कळवायचं ठरवलं, तर काय होतं? संवाद साधारण असा होतो.

‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’

‘मॅडम, तुमच्याकडे माझ्या नावानं एक खातं आहे. ते माझं नाही.’

‘नक्कीच सर. आपला नोंदणीकृत मोबाइल क्रमांक सांगाल?’

‘तो मला कसा माहीत असणार? खातं मी उघडलेलंच नाही.’

‘सर, नोंदणीकृत क्रमांकाशिवाय मी खात्याची माहिती देऊ शकत नाही. सुरक्षेचं कारण आहे.’

‘कुणाच्या सुरक्षेचं?’

‘आपल्याच सर.’

‘मग अठराशे रुपये थकलेत हे मला पत्रानं कसं कळवलंत?’

‘पत्र वसुली विभाग पाठवतो सर. तो वेगळा विभाग आहे. मी नोंदणीकृत क्रमांकावर एक ओटीपी पाठवलाय, तो सांगाल का?’

‘तो ज्यानं खातं उघडलं त्याच्याकडे गेला असणार.’

‘मग त्यांना विचारून सांगाल का सर?’

आणि शेवटी, या संवादाबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच यांपैकी आकडा दाबा.

या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर ‘हा ग्राहक ग्राहकच नाही’ असा रकानाच नसतो. आपल्या खात्यातून परस्पर पैसे गेले, तर चूक ग्राहकाची होती हे बँकेनं सिद्ध करायचं, असं रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. तीन कामाच्या दिवसांत कळवलं आणि चूक तिसऱ्याच कुणाची असली, तर ग्राहकावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही. चांगला नियम आहे. पण तो ग्राहकासाठी. जो ग्राहक नाहीच, फक्त त्याचं नाव ग्राहक आहे, त्याला दारातच विचारलं जातं की तुम्ही कोण. आत जायचं तर खातं माझं म्हणावं लागतं, आणि खातं माझं म्हटलं की थकबाकीही माझी.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नावं बदलून बदलून लोकांना फसवतो आणि कोर्टात छातीठोकपणे सांगतो, की तो मी नव्हेच. त्या काळी हे वाक्य भामट्याचं होतं. आताच्या लखोबाला ते म्हणावंच लागत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. ते म्हणत दारोदार फिरायची पाळी आली आहे फसवल्या गेलेल्या माणसावर, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत तोच जुना संशय: लखोबाही असंच म्हणायचा.

हीच व्यवस्था आपले पैसे आपल्याला द्यायचे असतात तेव्हा किती लाजाळू होते, तेही पाहून ठेवा. दहा वर्षं हात न लावलेली ठेव बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करतात. तिचा शोध घेता यावा म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल निघालं. म्हणजे आजोबांनी ठेवलेली रक्कम नातवानं नाव, पॅन, जन्मतारीख टाकून शोधत जायचं. ठेव द्यायची असली की बँकेला वारसाचा पत्ता सापडत नाही. न घेतलेल्या अठराशे रुपयांना मात्र तुमचा पत्ता मजल्यासकट सापडतो.

अशा वेळी सोसायटीत एक सल्लागार हमखास भेटतो. ‘भरून टाका हो, अठराशेच तर आहेत. कटकट मिटेल.’ या काकांपासून भामट्यांहूनही जपावं. पैसे भरले की कर्ज तुम्ही मान्य केलंत, मग ते मी घेतलंच नव्हतं हे कुठल्या तोंडानं सांगणार? वसुलीवाला दयाळू निघाला आणि ‘हजारात मिटवू’ म्हणाला, तर आणखी पंचाईत. तडजोडीत मिटलेल्या खात्यावर पत-अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, आणि पुढं घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँकेचा माणूस त्या शेऱ्यावर बोट ठेवतो. न घेतलेलं कर्ज बुडवल्याचा डाग, तोही पदरचे हजार रुपये मोजून.

तेव्हा भरू नका, आणि गप्पही बसू नका. फोनवर भांडण्यात दम घालवण्याऐवजी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या प्रत्येक वित्तसंस्थेला तो नेमावा लागतो आणि त्याचं नाव संकेतस्थळावर द्यावं लागतं. लिहिताना आपली रडकथा चार ओळींत उरका आणि उरलेल्या जागेत त्यांना प्रश्न विचारा. कर्जाचा अर्ज दाखवा. केवायसीला कोणते कागद घेतले, फोटो कुणाचा, व्हिडिओ कुणाचा, मोबाइल नंबर कोणता. आणि सर्वांत महत्त्वाचं, पैसे कोणत्या बँक खात्यात जमा केले? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार, मोजके अपवाद सोडले तर, कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जायला हवी. ते खातं तुमचं नसेल तर कंपनीनं नियम मोडला. तुमचं नाव लावून कुणीतरी उघडलेलं असेल तर आणखी एक अनोळखी खातं हाती लागलं. काहीही निघालं तरी घाम फुटायची पाळी आता त्यांची. माझ्या पाहण्यात या एका प्रश्नाइतकं पत्राचं वजन दुसऱ्या कशानं वाढत नाही.

दुसरं पत्र पत-अहवालवाल्यांना. आपण ‘सिबिल’ म्हणून मोकळे होतो, पण अशा कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही काढा, एक पत्र आलं म्हणजे खातं एकच असेल असं समजू नका. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरणही उघडून पाहा, अनोळखी बँकेनं तुमच्या पॅनवर व्याज दिल्याची नोंद तिथं कधी कधी डोकं वर काढते. आणि सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावानं किती मोबाइल नंबर चालू आहेत तेही दिसतं. तो नोंदणीकृत नंबर, जो तुमच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक आहे, तुमच्याच नावावर घेतलेला निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

पोलिसांत जाल तेव्हा ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्याला उत्तरही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यायची असते. कलमाचा आकडा शांतपणे उच्चारावा. आवाज चढवला की हवालदार साहेबांना बोलावतात आणि साहेब राऊंडवर असतात. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० हा हेल्पलाइनचा नंबर फिरवायचा, बाकी सगळं नंतर.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. त्यांचं घड्याळ वेगळं चालतं. त्या वेळांच्या नोंदी ठेवा, पुढं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कामाला येतात. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ‘आमच्या नोंदीनुसार खातं आपलंच आहे’ असं छापील उत्तर पाठवलं, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दार उघडतं. फी नाही, वकील लागत नाही.

आणि एक नियम असा आहे, जो कंपन्या आपणहून कधीच सांगणार नाहीत. पत-अहवालातल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये हा आदेश काढला, एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. दिरंगाई कर्ज देणाऱ्याची असेल तर त्यानं भरायचे, अहवाल ठेवणाऱ्याची असेल तर त्यानं. दिवस मोजले जातात ते तक्रार दाखल केल्याच्या तारखेपासून. म्हणून ईमेल केलात तर तक्रार क्रमांक मागा, कागद दिलात तर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. पैसे लागू झाले की मागून घ्या. शंभर रुपयांसाठी कोण भांडणार, असं म्हणून सोडू नका. त्यांनी अठराशे सोडले नव्हते.